चिंधीचा धागा

इंजिन थांबलं तेव्हा मिस्त्री चहाचा कप हातात धरून शेडच्या दारात उभा होता. थांबलं म्हणजे काय, आधी खोकलं नाही, अडखळलं नाही, साधं शिंकलंसुद्धा नाही. होतं आणि नव्हतं, एवढंच. धावपट्टीच्या टोकाला, झाडांच्या शेंड्याएवढ्या उंचीवर, दाजींचं दोन माणसांचं विमान क्षणभर लटकल्यासारखं राहिलं. मग डावा पंख खाली घालून ते झाडांमागे गेलं. कप कुठे पडला ते मिस्त्रीला कळलंच नाही. तो धावत सुटला.

दाजी म्हणजे मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हौशी लोकांच्या क्लबात विमान चालवायला शिकवायचे. शिकाऊ माणूस बसवण्याआधी रोज सकाळी एक चक्कर एकट्यानं मारून वारा बघायचे. ही तीच चक्कर.

आणि मिस्त्रीच्या इंजिनांबद्दल काय सांगावं! ही छोट्या विमानांची दोन सिलिंडरची इंजिनं म्हणजे सासरी आलेल्या लाडावलेल्या पोरी. थंड असताना पळवलं की रुसून जाम होतात, तेल जरा कमी पडलं की थेट जीव सोडतात. पण मिस्त्रीपुढे त्यांची बोलती बंद. लोक सांगायचे, त्यानं एकदा चालू इंजिनावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला. थेंब सांडला नाही. पेला तिथेच विसरला, आणि वर्षानं बघतात तर पेल्यात मासे झालेले! दुसरा म्हणायचा, मासे नव्हते, बेडूक होते. मिस्त्री मिशीत हसायचा, खोटं कुणाचंच पाडायचा नाही. खरं एवढंच होतं की एकतीस वर्षांत त्याच्या हातचं एकही इंजिन हवेत बंद पडलं नव्हतं. माणसाकडे मिरवायला काहीतरी लागतं. याच्याकडे एवढंच होतं.

तो पोचला तेव्हा विमान उताणं पडलं होतं. दाजी पट्ट्यात उलटे लटकत होते. त्यानं मानेला हात लावला, नाकापुढे बोटं धरली. मग पट्टा कापून त्यांना गवतावर निजवलं आणि डोळे मिटले. डोळे मिटता मिटताच त्याची नजर इंजिनाकडे गेली. पुढे जन्मभर त्याला त्या नजरेची लाज वाटली, पण गेली ती गेली.

आसनाखाली पेट्रोलची लाल चावी होती. नळीच्या रेषेत असली की उघडी, आडवी असली की बंद. ती आडवी होती.

म्हणजे टाकीतून थेंब आलेला नव्हता. चावीच्या पुढे एक तांब्याएवढी डबी होती, तिच्यात उरलेल्या पेट्रोलवर सगळं चाललं. इंजिन सुरू झालं, मिस्त्रीच्या शिस्तीप्रमाणे तापलं, धावलं, उडालं आणि तिथे संपलं. आणखी एक मिनिट तापवत बसले असते तर जमिनीवरच बंद पडलं असतं, आणि दाजी खाली उतरून मिस्त्रीला चार शिव्या घालत शेडकडे आले असते.

मिस्त्रीच्या मनात पहिलं काय आलं? माझं इंजिन नव्हे. छातीवरचा दगडच उतरला. मग समोर गवतावर कोण निजलंय ते आठवलं, आणि तो दाजींच्या उशाशी जाऊन बसला. चावीला मात्र त्यानं हात लावला नाही. उद्या चौकशीचे साहेब येतील, त्यांनीच बघावी.

संध्याकाळी बहिणीच्या घरी माणसं येऊन गेली. शेवटी दोघंच उरली. ती भिंतीला टेकून बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"दादा, इंजिन तू उघडशील ना?"

"साहेब उघडतील. मी असेन तिथे."

"काय निघेल ते मला तू सांगायचंस. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही."

"बरं."

"मला कळतच नाही रे. काल विमान मीच तर झाकलं. यांची पाठ धरली होती, म्हणून मी गेले. दोऱ्या बांधल्या, काच पुसली. पेट्रोलचा जरा वास येत होता, तर ती आसनाखालची लाल चावीसुद्धा बंद केली. तूच सांगितलं होतंस ना, वास आला की आधी चावी बंद?"

मिस्त्रीनं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"यांना सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "पण त्यात सांगायचं काय? सगळं नीटच केलं होतं मी. हो ना, दादा?"

"हो गं. नीटच केलंस."

दाजी ती चावी कधी बंदच करत नसत, म्हणून उडण्याआधी कधी बघतही नसत. "तुझ्या शंभर सूचना ऐकत बसलो तर उडू कधी रे?" म्हणायचे. मिस्त्री घरी गेला तो हेच घोळवत. त्याला बहिणीचं लहानपण आठवत होतं. सात वर्षांची असताना तिच्या हातून दारात कोंबडीचं एक पिल्लू चिरडलं होतं. आता चाळिशी गाठली, तरी दार लावताना ती आधी खाली बघायची. पिल्लासाठी जी तेहेतीस वर्षं खाली बघते, ती नवऱ्यासाठी कुठे बघेल?

सकाळी सहाला तो मैदानात पोचला. राखणदार दोरीपलीकडे स्टुलावर बसला होता.

"मिस्त्री, हात लावायचा नाही हं. साहेबांचा हुकूम आहे."

"बघू दे रे जरा. माझ्याच हातचं आहे ते."

"बघा बघा. मी काय, तिकडे तोंड करून बसतो."

मिस्त्रीनं आत हात घातला आणि चावी नळीच्या रेषेत आणली. मग खिशातून हात पुसायची चिंधी काढली. तिचा एक धागा उपसला, दातांनी तोडला आणि कार्बोरेटर खोलून आतल्या सुईएवढ्या छिद्रात, ज्यातून सगळं पेट्रोल जातं त्यात, तारेनं दाबून बसवला. काम तीन मिनिटांचं होतं. दहा लागली.

चिंधी! त्याच्या शेडमध्ये कार्बोरेटरजवळ चिंधी आणणं म्हणजे देवघरात चपला. एका डॉक्टर वैमानिकानं एकदा आणली होती, तर मिस्त्रीनं त्याला पान्हा घेऊन धावपट्टीभर पळवलं होतं. लोक तर म्हणायचे, डॉक्टर त्या दिवशी विमानाशिवायच उडाला.

दुपारी साहेबांनी शेडमधल्या टेबलावर इंजिन उघडलं. क्लबातले सगळे भोवती उभे होते. पिस्टन बाहेर आले, आरशासारखे.

"क्या बात है," साहेब पुटपुटले. "मिस्त्री, याला तर काहीच झालेलं नाही."

"कार्बोरेटर बघा, साहेब."

साहेबांनी छिद्र उजेडासमोर धरलं. उजेड येईना. चिमट्यानं ओढलं तर पांढरा धागा निघाला. डॉक्टरही तिथेच होता. तो पायाकडे बघायला लागला.

"तुमच्या चिंधीचा?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याच."

"तुम्ही कार्बोरेटर चिंधीनं पुसता?"

"परवा पुसला. घाईत होतो."

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा?"

"पहिल्यांदाच."

साहेबांनी धागा पुढ्यातल्या कागदावर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. "पेट्रोलची चावी?"

"उघडी आहे की. तुम्हीच बघितलीत."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, आणि मग लिहिलं.

धाकटी दारात कधी येऊन उभी राहिली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती सरळ टेबलापाशी आली. साहेबांच्या पुढ्यातला धागा तिनं बोटाच्या टोकावर घेतला.

"एवढासा?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"दादा, एवढाशानं?"

"माझ्या हातून राहिलं गं."

"यांच्यासाठी तुला दोन मिनिटं नव्हती? परक्यांची इंजिनं कानाला लावून बसतोस तासन् तास, आणि यांच्या वेळी तुला घाई?"

तिनं धागा जपून परत कागदावर ठेवला, हरवला तर कुणाचं नुकसान होईल अशा बेतानं. मग पदर सावरला.

"मिस्त्री," ती म्हणाली, "आजपासून तुम्ही माझ्या दारात यायचं नाही."

जन्मात पहिल्यांदा ती त्याला मिस्त्री म्हणाली. 'तुम्ही'ही पहिल्यांदाच.

परवाना गेला, शेडची किल्ली गेली. बायकोनं त्या रात्री ताट वाढताना एकदाच विचारलं, "तुम्ही, आणि चिंधी?" तो जेवत राहिला. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून हात पुसायची चिंधी ती त्याच्यासमोर कधी धुवायची नाही.

आता तो गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या टपरीत पाण्याचे पंप दुरुस्त करतो. लोकांनी गोष्टीही बदलल्या. म्हणे, त्याच्या हातचा पंप पाणी वर चढवायच्या ऐवजी विहिरीत सोडतो. गिऱ्हाईकं बेताचीच.

तिसऱ्या वर्षी एक माणूस सायकलवर पंप बांधून आला. मिस्त्रीनं पंप लांबूनच ओळखला. त्यानंच बसवून दिलेला, बहिणीच्या परसातला.

"शेजारच्या बाईंचा आहे," माणूस म्हणाला. "त्या म्हणाल्या, त्या टपरीवाल्याकडे सोडून कुठेही टाका. पण आज सगळ्यांचीच दुकानं बंद. घरात दोन दिवस पाणी नाही हो त्यांच्या."

"ठेव."

त्यानं पंप पार सुटा केला. बिघाड किरकोळ होता, तरी एक एक भाग धुतला, फुंकला, उन्हात धरून बघितला. माणूस कंटाळून दोनदा चहा पिऊन आला. मग मिस्त्रीनं एक नळी शेजारच्या हौदात, दुसरी पिंपात सोडली आणि पंप चालू केला. आवाज स्वच्छ होता. तो मान तिरकी करून ऐकत राहिला.

"कुठे केला ते सांगू नकोस."

"नाही सांगत. किती झाले?"

"काही नाही झाले."

पिंप भरलं. पाणी काठावरून टपरीच्या जमिनीवर आलं, त्याच्या चपलांखालून रस्त्याकडे निघालं.

"अहो, झालं की. बंद करा आता."

मिस्त्रीनं बटणाकडे बघितलं. हात पाठीमागे घेतले.

"तू कर," तो म्हणाला.