निम्मी उशी

‘‘पुन्हा गार!’’ काट्यातून हे कुरकुरले.

वर्ष झालं, हे वजनकाट्यात राहतात. दुरुस्तीला आलेला इलेक्ट्रॉनिक काटा कॉम्प्युटरला जोडायला टेबलाखाली वाकले आणि त्या सीरिअल केबलमधूनच आत गेले. वरची थाळी रिकामी असते, तरी काटा आकडा दाखवतो. पहिल्या दिवशी एकाहत्तर किलो तीनशे होता.

चहा मी केबलमधूनच पाठवते. त्यासाठी प्रोग्राम लिहायला शिकले, एकटीच, चुकत चुकत. पहिल्यांदा नुसतं ‘चहा’ असं लिहून पाठवलं, तर तिकडे अक्षरंच पोचली.

‘‘अगं, यातलं पिऊ काय? काना?’’ हे म्हणाले.

तेव्हापासून मी चहाचेच बाइट करते, शून्य आणि एक, शून्य आणि एक, आणि रांगेनं सोडते. केबल एका वेळी एकच घेते. शेवटचा घोट पोचेपर्यंत पहिला गार होतो, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

हे मागत गेले, मी पाठवत गेले. चष्मा. अडकित्ता. लोकरीची टोपी. आरामखुर्ची गेली तेव्हा केबल तीन दिवस गरम होती. वस्तू गेली की तिची जागाही जाते, भिंत तेवढी पुढे सरकते. आकडा वाढतो.

‘‘मानवलंय की दादाला तिकडचं,’’ माझी नणंद कुंदा एकदा म्हणाली, आणि लगेच कोथिंबीर निवडायला लागली.

कधी येताय, हे मीही कधी विचारलं नाही.

टेबल ह्यांनी परवा मागवलं. त्यामुळे कॉम्प्युटर आता कुंदाच्या मांडीवर असतो आणि काटा माझ्या. आमचे गुडघे एकमेकींना लागतात. काट्यावर एकशे बारा किलो आहेत, माझ्या मांडीला त्यातलं काही जाणवत नाही.

आज सकाळी ह्यांनी उशी मागितली.

उशीला अजून खोबरेल तेलाचा वास आहे. वासाचे बाइट वेगळे काढून मागे ठेवता येतील का, ते पाहिलं. नाही येत. मग बटण दाबलं. उशी एका टोकाकडून जायला लागली. अभ्रा, त्यावरची मी भरलेली जाई, कापूस. निम्मी गेली आणि मी प्रोग्राम थांबवला.

‘‘काय झालं? अर्धीच आली,’’ हे आतून म्हणाले.

‘‘केबल सैल झालीय.’’

‘‘बघ जरा. डोळे मिटायला लागलेत.’’

भिंत अर्ध्या उशीइतकी पुढे आली. कुंदानं कोथिंबिरीची जुडी खाली ठेवायला जागा शोधली, मिळाली नाही, म्हणून हातातच धरली.

‘‘वहिनी,’’ ती म्हणाली, ‘‘ज्याला परत यायचं असतं, तो उशी मागवत नाही.’’