पुसलेला कोड

"इंजिनची लाइट गेली. झाली गाडी बरी," मामंजी म्हणाले आणि बॅटरीच्या टोकावरचा नट आवळून त्यांनी हात पुसले.

गाडीच्या बिघाडाचा कोड वाचायचा स्कॅनर सुनेच्या हातातच राहिला. ती बाळाला न्हाऊ घालून मागच्या खोलीतून आली, तेवढ्यात हे होऊन गेलं होतं.

"मामंजी, बॅटरी सोडवलीत?"

"अं?"

"बॅटरी! मी कोड वाचायच्या आधीच?"

"जुनी रीत आहे. घटकाभर सोडवायची, गाडीला जरा दम घेऊ द्यायचा."

तिने तरी वायर स्टिअरिंगखाली जोडली. स्कॅनरवर आलं, एकही बिघाड नाही. नर्सबाईंची ही गाडी आठवडाभर चढावर आचके देत होती, बंद पडायला बघत होती. आणि आता साळसूदपणे सांगत होती, मी नाही त्यातली. चार सिलिंडरपैकी कोणता ठोका चुकतो, हे गाडी स्वतःशी लक्षात ठेवते. बॅटरी सुटली की ते सगळं पुसून कोरं होतं. मग बिघाड पुन्हा होईपर्यंत गाडी फिरवायची आणि वाट बघायची, एवढंच उरतं.

आणि आज वाट बघायला वेळच नव्हता. दुपारच्या बसने तिला पलीकडच्या शहरात जायचं होतं. तिथल्या मोठ्या वर्कशॉपने तिला चाचणीला बोलावलं होतं. काम हेच, बिघाड शोधायचं. पण पगार स्वतःचा, राहायला खोली, बाळासाठी पाळणाघर. पुन्हा बोलावणं येणार नाही, असं फोनवरच्या बाईने गोड आवाजात बजावलं होतं. नवरा लग्नानंतर वर्षभरात या शटरखालून वाकून बाहेर पडला, तो जहाजावर जाऊन बसला. वर्षाकाठी पाहुण्यासारखा येई. गॅरेज, गॅरेजमागची खोली आणि सासरे, तिघांची किल्ली नकळत तिच्या कमरेला आली होती.

"अगं, दुपारी मला घाट चढून पलीकडे जायचंय," नर्सबाई पिशवी सावरत म्हणाल्या. "त्या आजोबांना सुई टोचायची तर हात स्थिर हवा. ही गाडी पोचेपर्यंत माझाच खुळखुळा करते."

बाळ एका मोठ्या टायरच्या पोकळीत, दुपट्यावर बसून काठाला लोंबकळत होतं. याच नर्सबाईंनी त्याला जगात आणलं होतं. सुनेने ड्रायव्हरचं दार उघडलं.

"चला सिस्टर. एक चक्कर मारू."

गाडी अशी चालली की बघत राहावं. डॉक्टरच्या दारात पोचल्यावर दाढ दुखायची थांबते ना, तशी.

"तुझी बस ना आज?" नर्सबाईंनी विचारलं. "मग दे की सोडून. लाइट तर गेलीय."

"दिवा गेलाय, दुखणं नाही गेलं. ताप उतरला की पेशंट लगेच घरी पाठवता का तुम्ही?"

"पुष्कळदा," नर्सबाई म्हणाल्या. "खाटा कमी असतात ना."

दोघी हसल्या. चढ उतरून ती पुन्हा वळली, पुन्हा चढली. इंजिन चांगलं तापलं आणि मग कुठे गाडीला उचकी लागली. पिवळा दिवा उघडझाप करू लागला. कोड आला, तीनशे तीन. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तिसरा.

पण तिसऱ्याचं काय बिघडलंय, प्लग, त्याला वीज देणारी कॉइल की पेट्रोलची फवारणी? गॅरेजात येऊन तिने पोळत्या बोटांनी तिसऱ्यावरची कॉइल काढून पहिल्यावर बसवली, पहिल्याची तिसऱ्यावर. आता बिघाड कॉइलबरोबर पहिल्याकडे गेला, तर दोषी कॉइल. तिसऱ्यातच राहिला, तर कॉइल बिचारी निर्दोष. म्हणजे अजून एक चक्कर आली. आधीचा कोड शाबूत असता, तर तेवढी एकच चक्कर लागली असती. आता दुसरीतच बस जाणार होती.

मामंजी बाळाला कडेवर घेऊन उभे होते. "जेवून तरी घे," ते म्हणाले. तिने ऐकलं न ऐकलंसं केलं.

चढ उतरून येताना घाटाच्या अरुंद वळणावर समोरून तिची बस आली. वाट द्यायला तिला गाडी कडेला घ्यावी लागली. ड्रायव्हरने आभाराचा हात केला. खिडकीपाशी एक जागा रिकामी होती. तिने गियर टाकला, पुढे वळून पुन्हा चढाला लावली, आणि गाडी थरथरली.

तीनशे एक. दोष कॉइलबरोबर गेला होता.

"सापडलं," ती म्हणाली. आवाज ओला झाला म्हणून तिने खिडकीची काच खाली केली.

नवी कॉइल कपाटात होती. ती बसवताना मामंजी टॉर्च धरून समोर उभे राहिले. तिला एकदम आठवलं, गॅरेजात पहिल्यांदा स्कॅनर आणला तेव्हा त्यांनीच तिला बजावलं होतं, 'आधी वाचायचं, मग पुसायचं. पुसलेलं परत येत नाही.'

तिने मान वर केली.

"मामंजी, बॅटरी विसरून सोडवलीत की आठवून?"

त्यांनी सवयीने "अं?" केलं. तिने पुन्हा विचारलं नाही, नुसती बघत राहिली.

"आठवून," ते म्हणाले. टॉर्चचा प्रकाश भलतीकडेच पडत होता. "मला इंजिन ऐकू येत नाही गं आता. चालू आहे की बंद, हात लावून बघतो. गिऱ्हाइकाला कळलं तर... आणि पोरगा गेला तसा हा नातूही गेला तर संध्याकाळी मी या शटरच्या आत करू काय?"

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू राहिली असतीस," ते म्हणाले, "आणि माझ्यावर उपकार झाला असता. त्यापेक्षा चोरी बरी वाटली."

तिला रडू यायला हवं होतं, संताप आला. तिने कॉइलचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला, मग अर्धा आटा सैल केला.

"आणखी कुठे बोलावणं आलं तर मी जाणार आहे," ती म्हणाली. "बाळाला घेऊन. आणि माझ्याआधी तुम्ही बॅटरीला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

नर्सबाईंनी गाडी सुरू केली, हात हलवला आणि चढाला लागल्या. गाडी झाडांआड गेली तरी सूनबाई रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती. मामंजी शेजारी येऊन उभे राहिले. ते रस्त्याकडे बघत नव्हते. इंजिन कसं चाललंय हे कळायला ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तिने चेहरा फिरवला नाही.