सकुबाईचा दातेरी विळा

मी एक दातेरी विळा. शहापूर-मुरबाडकडच्या गावांत मला इळा म्हणतात आणि आता मलाही तेच नाव आपलं वाटतं. लोहाराच्या भात्याची गोष्ट माझ्यापाशी नाही. कारखान्यात पोलादाच्या पट्टीतून मला कापलं, वाकवलं, यंत्राने आतल्या कडेला बारीक दात पाडले, लाकडी मूठ ठोकली आणि सुतळीने बांधून शहापूरच्या एका दुकानात पाठवलं. तिथे माझ्या शेजारच्या खिळ्यावर सपाट धारेचे विळे टांगलेले असत. गिऱ्हाइकं त्यांच्या धारेवर अंगठा फिरवून बघत आणि माझ्याकडे बघून विचारत, "ही काय करवत हाय का?"

भात पिवळं पडायला लागलं तेव्हा माधुरी दुकानात आली. ती वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. घर आटगावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी.

"आईला इळा पायजे," ती म्हणाली.

दुकानदार सुनीलने सपाट धारेच्या एकाला आणि मला, अशा दोघांना फळीवर ठेवलं. "गवत, भाजी, काटक्या, सगळंच कापायचं असंल तर हा सपाट घे. साफ कापतो, पण धार सारखी लावायला लागते. नुसतं भात असंल तर दातेरी. काडी दातांत अडकते, ओढली की तुटली."

"मूठ मिटत नसंल तर?"

"कोणती?"

"डावी. काडी धरायची."

"मग दातेरीच ने. सपाट इळ्याला काडी घट्ट धरायला लागते. ढिली राहिली तर ती पुढं पळते नि इळा घसरतो."

"तसाच घसरला होता," माधुरी म्हणाली आणि तिने मला पिशवीत टाकलं.

आधी काय घडलं ते मी त्या घराच्या भिंतीवर टांगल्या टांगल्या ऐकलं. माधुरीची आई सकुबाई कापणीत पहिली पात, म्हणजे कापायची पहिली ओळ, धरणारी. ती पुढे निघाली की बाकीच्या बाया तिच्या मागून चालत. तिच्या विळ्याला धार लावायचं काम तिचा नवरा नथू करी. सकाळी ओट्यावर बसायचं, दगडावर पाणी शिंपडायचं आणि विळा घासायचा. मागल्या कापणीत तो एक दिवस सोयरिकीच्या बोलणीसाठी मुरबाडला गेला आणि विळा तसाच राहिला. त्याच दिवशी दवाने ओल्या झालेल्या काड्यांवरून पातं घसरलं आणि सकुबाईच्या डाव्या हाताची दोन बोटं कापली. टाके पडले, जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुन्हा मिटलं नाही.

त्या दिवसापासून नथू रोज विळ्याला धार लावू लागला. कापायला काही नसलं तरी लावायचा. पातं झिजून अरुंद झालं होतं.

मला बघून त्याने इतकंच विचारलं, "हे कशाला आणलं?"

"भाताला, बाबा," माधुरी म्हणाली.

"घरात इळा हाय ना?"

कापणीच्या पहिल्या दिवशी नथूने पाजवलेला विळाच सकुबाईने उचलला. संध्याकाळी ती परत आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. शेजारीण सावळी तिच्या मागोमाग आली होती.

"सकू, उद्या तू भाकऱ्या घिऊन ये," सावळी म्हणाली. "आमी कापतो. तुझी निम्मी काडी उभीच राहते. आमाला परत फिरायला लागतं."

सावळी वाईट नव्हती. आमच्याकडे बाया एकमेकींच्या शेतावर जाऊन कापणी उरकतात. सकुबाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात हात लावला होता. आता तिच्याच शेतात तिला पाहुण्यासारखं बसायला सांगत होत्या. सावळी गेल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्यांच्या टोपलीत, फडक्याखाली मी होतो.

शेतात गेल्यावर सकुबाईने टोपली बांधावर ठेवली, मला बाहेर काढलं आणि कडेची पात धरली. पहिल्यांदा तिने मला सवयीप्रमाणे झटका दिला. मी काड्यांत अडकलो. मग तिने हात सैल सोडला आणि मला हळूच आपल्याकडे ओढलं. करकर आवाज झाला आणि काडी तुटली. तीन बोटांत जेवढी मावली तेवढीच तिने धरली होती, पण एकही काडी पळाली नाही. ती वाकली, सरकली, पुन्हा वाकली. दुपारपर्यंत ती सावळीच्या बरोबरीने आली. सावळीने मागे वळून धसकटं बघितली, एकही काडी उभी नव्हती, आणि ती पुढे कापत राहिली.

नथू बांधावर आला तेव्हा त्याच्या हातात धारेचा दगड होता. त्याने माझ्याकडे बघितलं, सकुबाईकडे बघितलं आणि आल्या पावली माघारी गेला.

रात्री जेवताना तो म्हणाला, "माझी धार नको झाली तुला."

"धारेचं काय नाय. माझी मूठ मिटत नाय."

"आणखी धार काढली असती."

"रोज इळ्याला धार लावली तुमी," सकुबाई म्हणाली. "माझा हात एकदा तरी बघितला काय?"

सकुबाईने डावा हात नथूच्या ताटापुढे धरला. त्याने पाण्याने आपला हात धुतला, लुंगीला पुसला आणि तिची ती दोन बोटं धरून हळूच मिटवायचा प्रयत्न केला.

"दुखतं?"

"दुखत नाय. मिटत नाय."

तो तिचा हात धरून बसला. मग म्हणाला, "मी त्या दिवशी मुरबाडला जायला नको होतं."

"सोयरिकीला कोण जाणार होतं मग? जेवा आता."

सकाळी उठून त्याने मला ओट्यावर नेलं आणि दगडावर पाणी शिंपडलं. माधुरी धावत आली. "बाबा, याला नका घासू. दात जातील."

"मग याचं करायचं काय?"

"काय नाय. पुसून तेल लावायचं."

'काय नाय' ही गोष्ट नथूला जमण्यासारखी नव्हती. त्याने घरातला जुना टूथब्रश शोधला. तेव्हापासून कापणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी तो माझ्या दातांत अडकलेला चोथा ब्रशने काढतो आणि खोबरेल लावतो. सावळी हसते, म्हणते, "नथूदादा, सोताचं दात तरी इतकं घासलं काय कदी?" तो मान वर न करता घासत राहतो. त्याचा सपाट विळा गवताला जातो आणि तिथे त्याच्यासारखा कोणी नाही. मी गवतात गेलो तर नुसता गुंततो.

आता माझे टोकाकडचे दोन दात दगडाला लागून तुटलेत, बाकीचेही बोथट होत चाललेत. मला परत दात येणार नाहीत. उरलेल्या दातांवर ही कापणी निघेल. पुढच्या वर्षी माधुरी दुसरा आणेल.

तुम्ही दुकानात उभे राहाल तेव्हा धार अंगठ्याने जरूर बघा. काय कापायचं आहे तेही सांगा. पण त्याआधी विळा ज्याच्यासाठी नेताय, त्याचा हात आपल्या हातात घेऊन बघून या.