उलट्या आट्यांचं रीळ

जुन्या रिळाचा पार्ट मिळत नाही असं जो म्हणतो, त्याने तो शोधलेलाच नसतो. माझ्या कपाटात मासेमारीची सत्तर मेलेली रिळं आहेत. एकाचं हँडल, दुसऱ्याची स्प्रिंग असं काढून मी तिसरं जिवंत करते. लोक याला भंगार म्हणतात. म्हणू देत.

त्या सकाळी मावशी आली. हातात टॉवेलात गुंडाळलेलं रीळ, मागे तिचा मुलगा. मी त्याला दादा म्हणते.

"हँडल फिरतं, दोरी गुंडाळत नाही," मावशी म्हणाली. "बघ गं पोरी."

"बघण्यासारखं काय आहे त्यात?" दादा म्हणाला. "कंपनी बंद पडून जमाना झाला. आता पुरे कर आई. बहात्तरचं वय, धक्क्याच्या त्या शेवाळलेल्या पायऱ्या. गेल्या वर्षी घसरलीस ना?"

"घसरले. मासा सोडला नाही."

"हे दुरुस्त झालं तर जा बापडी, मी अडवणार नाही. झालं तर!"

हे 'झालं तर' तो फार खुशीत बोलला. मला तिथेच खटकलं.

या कंपनीच्या रिळांची एक खोड आहे. बाजूच्या झाकणाच्या स्क्रूला उलटे आटे. उजवीकडे फिरवला की सुटतो. ज्याला माहीत नाही तो डावीकडे जोर लावत बसतो आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाच कुरतडून टाकतो. मावशी हे झाकण चाळीस वर्षं उघडतेय, डोळे मिटूनही उघडेल. आणि खाच मात्र ताजी कुरतडलेली, पितळ अजून चकचकीत.

झाकण काढलं. हँडलचा जोर दोरीच्या चाकापर्यंत नेणारं बोटाच्या पेराएवढं दातेरी चाक असतं, पिनियन. ते जागेवर नव्हतंच. झिजलेलं पिनियन ग्रीसमध्ये पितळेचा भुगा सोडतं. इथे ग्रीस लोण्यासारखं स्वच्छ. म्हणजे ते झिजलं नव्हतं, कुणीतरी काढलं होतं.

मी दादाकडे पाहिलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. मागच्या वर्षीचं.

"दादा," मी म्हटलं, "हे उघडलं कुणी?"

"मला काय विचारतेस? मी गाडी वळवून आणतो." गेलासुद्धा.

मावशी थंडपणे म्हणाली, "त्याच्याच कपाटात आहे. मोज्यात घालून ठेवलंय."

"तुला माहीत आहे? मग काढून घे की!"

"घेतलं तर पुन्हा काढेल. मागितलं तर परवानगी मागितल्यासारखं होईल. मी त्याला चालायला शिकवलंय, आता त्याच्याकडे चालायची परवानगी मागू? दुसरं शोध. त्याच्या हातात नसलेलं. दुरुस्त झालं तर अडवणार नाही, हे तो तुझ्यासमोर बोललाय."

मी कामाला लागले. चार जुन्या दुकानदारांना फोन केले. तिघांनी नाही म्हटलं, चौथा हसला. मग गेले एका संग्राहकाकडे. आमच्या धंद्यात त्यांना सगळे काचवाले म्हणतात, कारण त्यांची दोनशे रिळं काचेच्या कपाटात आहेत आणि एकानेही पाणी पाहिलेलं नाही. मावशीच्या मॉडेलचं एक फुटकं रीळ त्यांच्या खणात पडून होतं. आत पिनियन शाबूत.

"कपाटात ठेवणार असाल तर देतो," ते म्हणाले.

"मासे धरायला हवंय."

"छे! वापरलं की झिजतं बाई."

"झिजायलाच केलंय ते. तुम्ही काय बूट हातात धरून चालता?"

त्यांनी खण बंद केला. मी खोटं बोलले असते तर पार्ट मिळाला असता. पण ज्या बाईला सरळ मानेने धक्क्यावर जायचंय, तिच्यासाठी मी मान वाकवून खोटं बोलू? नाही बोलले.

परत येताना न्हाव्याच्या दुकानापाशी थांबले. त्याची ताडपत्रीची छपरी एका रिळाने वरखाली होते, रोज पाहते मी. त्याच कंपनीचं, पण सगळ्यांत स्वस्त मॉडेल. पत्र्याचं अंग, काचवाले त्याला दारातही उभं करणार नाहीत. कॅटलॉगमध्ये दोन्ही मॉडेलच्या पिनियनचे नंबर वेगळे छापलेत, म्हणून सगळे त्यावर विश्वास ठेवतात. मी नाही ठेवत. एवढ्याशा चाकासाठी कुठला कारखानदार दोन साचे बनवेल?

"काका, हे मला द्या. बदल्यात चांगली कप्पी बसवून देते."

"बसव. पण आधी कप्पी, मग रीळ. गिऱ्हाइकाच्या अंगावर छपरी पडली तर उरलेले केसही जातील."

कप्पी बसवली, रीळ आणलं, उघडलं. दाते मोजले, तीनदा. बारा. मावशीच्या रिळालाही बाराच लागत होते. फक्त जाडी केसभर जास्त. धार लावायच्या तेलाच्या दगडावर दोन दिवस घासलं, बसवून पाहायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. तिसऱ्या दिवशी हँडल फिरवलं आणि दोरी गुपचूप गुंडाळली जायला लागली.

दोघांना बोलावलं. मावशीने हँडल फिरवून दादापुढे धरलं.

दादाचा चेहरा उतरला. "हे शक्यच नाही."

"का रे, शक्य का नाही?" मावशीने विचारलं.

त्याने हँडल स्वतः फिरवून पाहिलं. मग एकदम फुटला. "तू पडलीस तर? तिथे कुणी नसलं तर? मी ऑफिसात बसून काय करू? तू जातेस त्या दिवशी मला जेवण जात नाही, आई!"

माझा राग क्षणभर ढिला पडला. मावशीचा नाही.

"पडले तर उठेन. नाही उठले तर उचल, तेवढा तुझा हक्क. पण भीती तुझी आहे, तर ती तू सांभाळ. माझं रीळ कशाला खोलतोस?"

"मी सोडतो तुला गाडीने."

"चालत जाते."

तिने रीळ पिशवीत टाकलं, माझ्या गालावर ग्रीसचाच हात फिरवला आणि रस्त्याला लागली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही. दादा दारातच उभा. त्याला वाटलं असेल, मी दोन गोड शब्द बोलेन.

माझ्या टेबलावर दुसरं रीळ उघडं पडलं होतं.

"उजेडातून बाजूला हो, दादा," मी म्हटलं.