सुएनची ओळ

पाटाला पाणी सुटायला एकच दिवस उरला होता आणि हामच्या पायांना भिंगरी लागली होती. सकाळपासून तो बोरांच्या बागेत आला, गेला, पुन्हा आला. दर खेपेला आळ्यातला पेंढा बाजूला करायचा, खालची माती चिमटीत धरायची, चोळायची. मगाशी कोरडी असलेली माती आता ओली सापडेल असं त्याला का वाटत होतं कोण जाणे. माती चिमटीतून उडून त्याच्याच डोळ्यांत जात होती.

फळमाशीसाठी ताणलेल्या पांढऱ्या जाळीखाली झाडांच्या तीन ओळी होत्या, सासूच्या तीन मुलींच्या. पाटाच्या कडेची थोरलीची, मधली मधलीची, आणि घराच्या बाजूची धाकटीची, म्हणजे हामच्या बायकोची, सुएनची. आम्हा चाम लोकांत जमीन आईकडून लेकीकडे जाते; नवरा येतो तो अंगावरच्या कपड्यांनिशी. हाम येताना कपड्यांबरोबर एक करवत घेऊन आला होता. त्या घरात तेवढी एकच वस्तू त्याची, आणि याची त्याला रोज कोणीतरी आठवण करून द्यायचंच.

पाटकरी ओंग थोई बांधावर सायकल आडवी टाकून सुपारी कातरत बसला होता.

"धरणात आता मासे चालत फिरतात," तो म्हणाला. "उद्याची तुमची पाळी झाली की पुढची पाळी आभाळाची."

"तीन ओळी भिजतील का, ओंग?"

"दोन भिजतील. तिसरी घेतलीस तर तिघींना नुसता वास."

तेच हामच्या मनात चाललं होतं. सुएनची ओळ खोडापर्यंत छाटायची. हरभऱ्याएवढी फळं धरली होती, ती जाणार. पण पानं गेली की तहान गेली. बोडकं खोड पाऊस पडेपर्यंत दम धरतं. तिच्या वाटचं पाणी बाकीच्या दोन ओळींना दिलं तर त्यांची फळं टिकतील, झाडंही. नाही छाटली तर फळं तिन्ही ओळींची गळतील आणि मग झाडं एकेक करून जळणाच्या ढिगावर जातील.

थोरल्या साडूला, लिएमला, हा बेत एका झटक्यात पटला. ज्याच्या ओळीला पाणी जास्त मिळणार, त्याला पटायला वेळ कशाला लागतो?

"झकास! छाट, छाट, बिनधास्त छाट," तो म्हणाला. "तुझं काळीज मोठं आहे बघ."

"मग तू बोल ना आईपाशी."

"मी? मी कशाला मध्ये पडू? तुमच्या घरातलं आहे. मी आपला उद्या फावडं घेऊन येतो, पाणी वळवायला."

आई म्हणजे सासू, मुक त्रू. ती ओट्यावर शेवग्याचा पाला खुडत होती. हामने बेत सांगितला. तिने मान वर केली नाही.

"फळ धरलेल्या झाडावर करवत? पोटुशी बाई आहे ती. तुमच्या गावात असं करतात वाटतं?"

"झाडं मरतील, आई."

"तुझं काय जातंय, जावईबापू? तू मेलास की कपाळाची हाडं डबीत घालून तुझ्या आईकडचे घेऊन जाणार, त्यांच्या कुळाच्या दगडांपाशी पुरायला. आम्ही राहणार इथं बोडक्या खोडांकडे बघत."

हे त्याने शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा गिळलं होतं. आज मात्र घशात अडकलं.

"म्हणूनच म्हणतो," तो म्हणाला. "माझी हाडं जातील. झाडांना कुठे जायचंय?"

पाला खुडणारी बोटं जराशी थांबली. मग पुन्हा चालू झाली. "मला काय विचारतोस? ज्याला विचारायचं त्याला विचार."

हामने ठरवलं, म्हातारी तिच्या भावाबद्दल बोलतेय. भर उन्हात सायकल मारत तो मामेसासऱ्याच्या गावी गेला. मामेसासरे मेंढ्यांचं लेंडीखत पोत्यांत भरत होते. "लेकींचं लेकींनी बघावं," एवढं बोलून त्यांनी त्याच्याकडून तीन पोती भरून घेतली. परत येताना सायकलची साखळी निसटली. हामने ती चढवली, पुन्हा निसटली, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने सायकलला अशा शिव्या दिल्या की चरणाऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

घरी आला तेव्हा सुएन बोरं निवडायच्या शेडवरून आली होती. तिने भात, खारा मासा आणि पाल्याचं कढण पुढ्यात ठेवलं. त्याने दोन घास खाल्ले, उठला, दारापर्यंत गेला, परत बसला.

"कुठं कुठं जाऊन आलास?" तिने विचारलं.

"ओंग थोई. लिएम. आई. मामा."

"गावातला भोंगा राहिला वाटतं."

"सुएन..."

"ओळ कुणाची आहे?"

हामने खारा मासा बोटाने बाजूला सारला.

"माझी ना? मग साऱ्या मुलखाला विचारलंस आणि मलाच तेवढं विचारायचं राहिलं?"

आता खरं काय ते असं, की या पिकावर सुएन घराचे पत्रे बदलणार होती. मागच्या पावसात गळक्या पत्र्याखाली ती पातेली मांडत होती, आणि तेव्हा त्यानेच तोंड भरून हो म्हटलं होतं. त्या 'हो'वर करवत चालवायची तर आधी दुसऱ्या कोणाचा तरी हात त्या करवतीला लागावा, एवढीच त्याची खटपट होती. आज दिवसभर तो जे दार टाळत होता, ते त्याच्या स्वतःच्या अंथरुणाइतकं जवळ होतं.

"पत्र्यांचं काय?" तो कसाबसा म्हणाला.

"लिएम दुपारी शेडवर येऊन माझ्या मोठ्या मनाची तारीफ करून गेला. तो तारीफ करायला लागला की मी आधी माझी पाटी धरून ठेवते. तेव्हाच कळलं मला." सुएनने कढण त्याच्या वाटीत ओतलं. "मग दोघी बहिणींना तिथंच गाठलं. म्हटलं, माझं पाणी प्यायचं तर दर दहा पाट्यांना दोन पाट्या माझ्या. थोरली रडली. मधलीने एकवर आणायचा प्रयत्न केला. शेवटी दोन."

"आणि लिएम?"

"त्याला कोण विचारतंय? तोही आलाय अंगावरच्या कपड्यांनिशीच." ती हसली, पण लगेच तोंड घट्ट केलं. "पहिलं झाड मी कापणार. माझं आहे. आणि पुढच्या वेळी आधी माझ्याकडे यायचं."

उजाडताच तिने करवत घेतली. पहिल्या फांदीबरोबर हिरव्या फळांचा सडा तिच्या पायांवर पडला आणि तिने डोळे मिटून घेतले. पण हात थांबला नाही. दुसऱ्या झाडापासून हाम लागला. ओळ संपेपर्यंत पाटातून पाणी आलं, मातकट, बारीक, पालापाचोळा पुढे ढकलत. लिएम शब्दाप्रमाणे फावडं घेऊन हजर. आज तारीफ मात्र त्याने घरीच ठेवली होती.

पाणी थोरलीच्या ओळीत शिरलं, मग मधलीच्या. सुएनच्या ओळीत फक्त एकेक तांब्या. हाम एका खोडापासून दुसऱ्याकडे जात होता, सालीवर अंगठा दाबून बघत होता, पुन्हा मागे येत होता.

"अरे, जीव घाबरेल त्यांचा, बस जरा," मागून आवाज आला.

मुक त्रू शेण-मातीचा गोळा घेऊन आली होती. ती पहिल्या खोडापाशी टेकली आणि कापलेल्या जागेवर लेप लावू लागली, लेकराच्या गुडघ्याला लावावा तसा. एक झालं, दुसरं झालं. तिसऱ्यापाशी तिने त्याला जवळ बोलावून त्याच्या हातात गोळा दिला.

"तुझ्या आईकडच्यांना सांगून ठेव," ती म्हणाली. "हाडं न्यायला येतील तेव्हा दारात उन्हात उभं राहू नका म्हणावं. इथं सावली असेल."

हाम लेप लावायला तिसऱ्या खोडापाशी वाकला. तेवढ्यात मधल्या ओळीचा बांध फुटला आणि पाणी वाटेवर वाहायला लागलं. तो शेणाच्या हातांनीच फावड्याकडे धावला.