गप्प बसणारी दोन अक्षरे

मी एक जुनी टेकणकाठी आहे. मित्रांनो, तुम्ही माझे नाव ऐकले नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही. हाताने पाट्या रंगवणारी माणसे कमी झाली, तशी मीही दिसेनाशी झाले. रंगारी एका हाताने मला पाटीवर तिरकी धरतो आणि कुंचल्याच्या हाताचे मनगट माझ्यावर टेकवतो. मग हात ओल्या रंगाला लागत नाही आणि अक्षर डुलत नाही. टेकू द्यायचा आणि गप्प राहायचे, एवढेच माझे काम.

एका सुताराने दाराच्या चौकटीतून उरलेल्या पट्टीतून मला तासले. पण मला रूप दिले ते माझ्या धन्याच्या, म्हणजे पेंटरकाकांच्या बायकोने. पाटीला ओरखडा उठू नये म्हणून तिने माझ्या टोकाला कापसाचा बोळा ठेवला आणि त्यावर मऊ कातडे शिवले. दर वर्षी ती जुने कातडे उसवायची, नवे चढवायची. शिवताना ओठांतल्या ओठांत काही म्हणत असायची. देवापाशी ती माझ्यासाठीही थोडे मागत असावी, असे मला अजून वाटते.

पेंटरकाकांचा एक नेम होता. रोज सकाळी, चहाच्याही आधी, दारामागे टांगलेल्या काळ्या फळीवर ते खडूने एक लांब रेघ ओढायचे आणि शेजारी एक गोल काढायचे. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, रेघ चुकली नाही. देवाने हात दिला, तर त्याची रोज हजेरी घ्यायला नको का, असे ते म्हणत. बायको गेली, त्याच्या दुसऱ्या सकाळीही त्यांनी रेघ ओढली. ती शेवटाकडे जरा खाली झुकली होती, पण ओढली.

आमच्याकडच्या बहुतेक पाट्यांवर इंग्रजी शब्द असत, आणि तिथेच गिऱ्हाईक अडायचे. नाइट हाच शब्द घ्या. पुस्तकात त्याची पाच अक्षरे. मधली जी आणि एच ही दोन नुसती बसून असतात, उच्चारात तोंड उघडत नाहीत. घाईच्या लोकांनी त्यांना उठवले, शेवटी एक ई बसवली आणि चार अक्षरांत काम भागवले. लाइटचेही तसेच. थ्रू तर सात अक्षरांचा, तो चारांवर आला. यातले कुठले लिहायचे, असे कोणी विचारले की पेंटरकाका उलट विचारायचे, "पाटी वाचणार कोण?"

खेळण्यांच्या दुकानाला ते आखूड शब्द हसत हसत रंगवून देत. तिथे माणूस मजेत येतो, शब्दानेही थोडी मजा करावी. दवाखान्याच्या पाटीला मात्र पूर्ण शब्द. तिथे माणूस घाबरून येतो, त्याला शब्द तरी पुस्तकातल्यासारखा ओळखीचा दिसू दे, असे त्यांचे म्हणणे. खडूने पाटी लिहून झाली की गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडे उभे करून मोठ्याने वाचायला लावायचे, आणि मगच रंगाचा डबा उघडायचा.

त्यांची लेक एका कचेरीत पत्रे टाइप करते. साहेबांच्या पत्रात एकेक अक्षर जागच्या जागी, पण बाबांना फोनवर पाठवलेला निरोप अगदी काटछाट केलेला. ते म्हणायचे, हिने शब्दांना उपास घडवलाय. ती म्हणायची, उपास नाही बाबा, हलकं जेवण. बापलेकींचा हा वाद मी वर्षानुवर्षे ऐकला आणि कोणीही हरू नये असेच मला वाटत आले.

मग यंत्रावर छापलेले फलक आले आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्या टोकाने जळमटे काढली गेली. ते मऊ कातडे वाळून तडकले. शिवणारे कोणी उरले नव्हते. तक्रार करत नाही, पण वाईट वाटले, हे कशाला लपवू?

यंदा पुन्हा चार कामे आली, आणि पेंटरकाका बदललेले दिसले. कोणीही येवो, आखूडच लिहू, हल्ली तेच चालते, असे ते आपणहून सांगू लागले. दवाखान्याच्या रात्रीच्या घंटेच्या पाटीवरही त्यांनी चार अक्षरांचा नाइट रंगवला. लेक खूश झाली. बाबा सुधारले, म्हणाली.

मला मात्र वेगळेच कळत होते. पूर्वी त्यांचे मनगट माझ्यावर चिमणी बसावी तसे बसायचे. आता ते जड झाले होते, आणि त्यातली थरथर माझ्या टोकापर्यंत येऊन पाटीवर टकटक वाजायची. सगळ्यात वाईट निघायचा तो जी. गोल वळायचे आणि एका श्वासात आत यायचे. आखूड शब्दांत तो गप्प बसणारा जी नसतो.

एके दिवशी दुपारी आमचे जुने गिऱ्हाईक, शाळेच्या बाई आल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी कामकरी माणसांसाठी रात्रीचा वर्ग काढला होता. सोमवारी वर्ग सुरू, त्याआधी दारावर पाटी हवी. लेकीला सुटी होती, तीही मदतीला आली होती. पेंटरकाकांनी पाटीवर खडूने चार अक्षरांचा नाइट लिहिला. बाईंनी तो एकेक अक्षर करत वाचला. मग हळूच म्हणाल्या, "दिवसभर राबून माणसं माझ्याकडे पहिल्यांदा शब्द शिकायला येणार. दारावरच कापलेला शब्द दिला, तर त्यांना वाटेल, आपल्याला एवढंच पुरे. पाटी वाचणार कोण, हे तुम्हीच विचारायचात ना?"

काकांनी खडू खाली ठेवला. जमत नसेल तर छापून घेते, रागावत नाही, असे बाई म्हणाल्या. तेव्हाही त्यांनी तो उचलला नाही. लेकीला वाटले, बाबा हट्टाला पेटले. खडू पुसायला फडके हवे म्हणून ती दारामागे गेली आणि तिथेच थांबली. काळ्या फळीवर धुळीचा थर होता. त्यावर ना रेघ, ना गोल.

ती फळी काढून घेऊन आली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली.

"किती दिवस झाले?"

त्यांनी बोटाने थोडी धूळ पुसली. "जी निघत नाही गं आता. सकाळी सकाळी तेच बघायचं जिवावर येतं."

लेकीने त्यांच्या हातातला कुंचला घेतला नाही, हे मला फार आवडले. तिने मला उचलले, तडकलेले टोक पाटीवर घट्ट दाबले आणि दुसरे टोक स्वतःच्या खांद्याला टेकवले. "मी धरते. तुम्ही सावकाश ओढा. दोनदा श्वास घेतलात तरी चालेल."

आधीची चार पुसली गेली आणि खडूची पाच अक्षरे उमटली. बाईंनी रस्त्यापलीकडून मोठ्याने वाचली. मग रंगाचा डबा उघडला. पेंटरकाकांनी जीच्या मध्यावर हात थांबवला, श्वास घेतला आणि पुन्हा चालवला. अक्षर एका अंगाला कलले. पुसून पुन्हा काढू का, त्यांनी विचारले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "वर्गात येणाऱ्यांचाही पहिला जी असाच निघणार आहे. त्यांना धीर येईल."

त्या संध्याकाळी लेकीने माझे वाळलेले कातडे उसवले आणि नवे शिवले. टाके आईइतके बारीक नव्हते. आता दर रविवारी सकाळी ती येते, आणि फळीवर दोन रेघा असतात, एक सरळ आणि एक थरथरती. वैद्याकडेही ती त्यांना घेऊन गेली.

मित्रांनो, मैत्रिणीला आखूड शब्द जरूर पाठवा, हसा, खेळा. जिथे कोणी भीत भीत वाचणार असेल, तिथे पूर्ण लिहा. आणि तुमच्या घरात एकेका अक्षरासाठी भांडणारे कोणी अचानक "चालेल, काहीही लिही" म्हणू लागले, तर वाद जिंकलात म्हणून आनंदू नका. जवळ बसा आणि त्यांचा हात हातात घेऊन पाहा.