पन्नासची रेषा

तिने आलेखाच्या उभ्या अक्षाला खाली शून्य आणि वर शंभर अशी मर्यादा घातली आणि बटण दाबलं. बाबांच्या वजनाची रेघ पडद्यावर मुकाट आडवी पसरली. तिच्या जरा खाली लाल तुटक रेषा होती, पन्नास किलोची. वजन त्याखाली गेलं की वाट बघायची नाही, तडक आणून दाखल करायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"बघा, सरळ आहे की नाही?" तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"अगदी. तूच उगाच जिवाला घोर लावून घेतेस," म्हणत बाबा जाकीट सावरत आतल्या खोलीत गेले.

आई दवाखान्यातून परत आली नव्हती. तेव्हापासून बाबा त्या इमारतीचं नावही काढू देत नसत. म्हणून तर सकाळचं वजन झालं की ती त्यांना हा उतार झाकणारा आलेख दाखवी. ऑफिसात कुणी अक्ष असा ताणला असता, तर तिने त्याची बिनपाण्याने केली असती. इथे सगळं माफ.

आज मात्र तिला चैन पडेना. उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. खालची मर्यादा एकोणपन्नास केली, वरची छप्पन्न. रेघ धाडकन उताराला लागली. पण पुढे? लाल रेषेच्या जवळ येऊन रेघ थबकली होती. मग रोज एक्कावन्न. काल, परवा, पार गेल्या महिन्यापासून एक्कावन्न! धडधाकट माणसाचं वजनसुद्धा इतकं जागच्या जागी राहत नाही. आणि बाबांचं जेवण तर चिमणीएवढं झालं होतं.

ती लॅपटॉप घेऊन आत गेली.

"बाबा, जाकीट काढा."

"थंडी वाजते गं."

"काढा म्हणते ना!"

जाकीट खुर्चीवर पडलं ते दणकन. खिशाखिशांतून बाबांच्या जुन्या गॅरेजातले नट आवळायचे लोखंडी पाने निघाले, लहानमोठे, पुसून लख्ख केलेले.

"वजन उतरेल तसा एकेक वाढवत गेलो," बाबा खालमानेने म्हणाले.

"अहो, जिवाशी खेळ आहे हा!" तिला रडू फुटलं.

बाबा नुसत्या सदऱ्यावर काट्यावर उभे राहिले. नवा आकडा तिने ठेवलेल्या मर्यादेत मावेना. अक्ष आणखी खाली न्यावा लागला.

"ती लाल रेषा जरा खाली नाही का घेता येत?"

"ती डॉक्टरांची आहे, बाबा."

त्यांनी पडद्यावरच्या उतारावर बोट ठेवलं.

"आधीच हे असं दाखवलं असतंस तर?"

"तर आला असतात दवाखान्यात?"

बाबा काट्यावरून उतरले. पाने गोळा करून एकेक तिच्या ओंजळीत ठेवले, सगळ्यात मोठा शेवटी.

"पिशवी भर," ते म्हणाले. "तुझ्या आईला आत नेलं तेव्हा मला बाहेरच थांबवलं होतं. तू आत येशील ना?"